आडाला पाणी येईपर्यंत

लातुरात तेव्हा खोली मिळवायची तर बायको दाखवावी लागायची. ‘फॅमिली असेल तर बोला,’ हे वाक्य मी इतक्या ओट्यांवर ऐकलं की पुढं पुढं घरमालकानं तोंड उघडायच्या आधीच मी परत फिरायचो. जिल्हा नवा होता. कुठं कुणाच्या वखारीत, कुठं कुणाच्या बंगल्यात कचेऱ्या थाटल्या होत्या. पाट्यांचा रंग अजून बोटाला लागत होता. नांदेड, बीड, उस्मानाबादकडून बदली होऊन आलेले माझ्यासारखे कारकून वळकट्या घेऊन गल्ल्या पालथ्या घालत होते आणि घरमालकांचे भाव वधारले होते. एकट्या बाप्याला खोली देणं म्हणजे पत्ते, दारू आणि आणखी काय काय घरात घेणं, असं त्यांचं म्हणणं. ते अगदीच खोटं होतं असंही मी म्हणणार नाही. माझ्या सोबतचे दोघं ज्या लॉजवर राहत होते तिथं मी आठवडाभर काढलेला आहे.

माझी बायको त्याच वर्षी पौषात नांदेडच्या दवाखान्यात वारली होती. कावीळ झाली होती, आणि गावाकडची औषधं करता करता दवाखान्यात न्यायला उशीर झाला. तेव्हा तुम्हाला काय वाटलं, असं लोक अजून विचारतात. काही वाटलं नाही. गोदावरीच्या घाटावर सगळे रडत होते आणि मी माझ्या चपलेचा तुटलेला अंगठा बघत होतो. ही आता शिवून घेतली पाहिजे, एवढंच मनात आलं. पुढं कित्येक महिने तसंच चाललं. एका बाजूवर फार वेळ बसलं की पाय बधिर होतो, चिमटा काढला तरी दुसऱ्याचाच वाटतो, तसं माझं सगळंच झालं होतं.

दोन मुली होत्या. थोरली सहावीत जाणार होती, धाकटी पहिलीत. आईच्या आजारपणात दोघी उमरीला माझ्या भावाकडं होत्या. थोरलीला शेवटच्या दिवशी नांदेडला आणलं. धाकटीला ताप होता, तिला आणलं नाही. ‘आई मामाकडं देगलूरला गेलीय,’ असं तिच्या आजीनं तिला सांगून टाकलं आणि मोठी झाल्यावर कळेल तिचं तिला, म्हणून सगळ्यांनी तो विषय मिटवला. मीही मिटवला. मला तेव्हा हो म्हणायचंही बळ नव्हतं आणि नाही म्हणायचंही.

दहाव्यानंतर पोरींची वाटणी ठरली. थोरली उमरीला भावाकडं, धाकटी देगलूरला मामाकडं. बिऱ्हाड मोडल्यावर भांडी वाटून घ्यावीत तसं चाललं होतं आणि मी भिंतीला टेकून ऐकत होतो. बोलली ती थोरली. म्हणाली, “आम्ही दोघी एकाच ठिकाणी ऱ्हानार. दादा जिथं, तिथं.” दादा म्हणजे मी. सासरे जुन्या वळणाचे, तोंडावर बोलणारे. ते मला म्हणाले, “लातुरात बरी खोली घ्या. पोळ्याला येऊन बघतो. घर घरासारखं दिसलं तर ठिवा लेकरं, न्हाईतर दोघींच्या दोन वाटा. मंग रडायचं न्हाई.” मी कुठं रडत होतो! पण खोली हवी होती, एवढं मात्र त्या बधिरपणातही कळत होतं. खोली गेली की पोरी गेल्या.

शेवटी खोली लावून दिली आमच्या ऑफिसातल्या शिपायानं. गडी बोलघेवडा. माझी सगळी हकीकत त्याला ठाऊक होती. जुन्या गावात एका म्हाताऱ्या बाईचं माळवदाचं घर होतं, पुढं ओटा, मधे अंगण, अंगणात आड, आणि आडाच्या पलीकडं भाड्यानं द्यायच्या दोन खोल्या. बाई ओट्यावर सुपात तुरी निवडत बसल्या होत्या. मी दोन्ही हातांना दोन पोरी धरून उभा.

“फॅमिली कुठाय?” बाईंनी मान वर न करता विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत शिपाई म्हणाला, “माहेरी हायेत जी, देगलूरला. हितं पाण्याची ही दशा. तुमच्या आडाला पाणी आलं की येत्यात.”

हे तेव्हा खपण्यासारखं होतं. मागचा पावसाळा कोरडा गेला होता आणि अर्ध्या लातुरानं आपल्या सुना-लेकी पाणी असेल त्या गावाला धाडल्या होत्या. बाईंची स्वतःची सून निलंग्याकडं माहेरी होती. तरी त्यांनी सुपातून डोळे वर करून पोरींकडं बघितलंच.

“आई तिकडं अन् लेकरं हिकडं?”

“शाळा हाय की,” शिपाई म्हणाला.

बाईंनी मग माझ्याकडं बघितलं. धाकटीही मान वर करून माझ्याकडंच बघत होती. मी म्हणालो, “हाव.” बस, तेवढंच. खोटं बोललो म्हणून मला तेव्हा पस्तावा झाला नाही आणि आजही नाही. खरं बोलणाऱ्याला लातुरात छप्पर मिळत नव्हतं.

बाईंच्या अटी होत्या. भिंतीला खिळा ठोकायचा नाही. चुलीचा धूर माळवदाला बसू द्यायचा नाही. दारात रोज सडा-रांगोळी पाहिजे, दुष्काळ असला तरी चूळभर पाण्याची का होईना. आणि आठवड्याला सारवण. “दर अमावाशेला म्या खोली बघायला येत असते,” त्या म्हणाल्या, “भाडेकरूचं घर म्हंजे बी माझंच घर.” मी त्यांना मावशी म्हणायला लागलो, पोरी आजी. त्या मला भाऊसाहेब म्हणायच्या. सगळ्या कारकुनांना म्हणायच्या.

तर मी सारवायला शिकलो. शिकवलं थोरलीनं. ती आईचं बघून शिकली होती आणि मास्तरीण होऊन मला रागवायची. हात सरळ ओढायचा नाही, अर्धा गोल फिरवायचा. शेण जास्त झालं तर वाळल्यावर पोपडे सुटतात, माती जास्त झाली तर भेगा. शेणाचीही तेव्हा टंचाईच. मावशींची जनावरं छावणीवर होती. गल्लीच्या टोकाला एक म्हैस उरली होती आणि तिच्या मागं आम्ही चार घरं पाळत ठेवून असायचो. पाणी टँकरचं. तांदूळ धुतलेलं पाणी भांडी घासायला, ते पाणी सारवणाला, आणि त्यातलंच तळाचं गाळून दारात शिंपडायला. त्याला सडा म्हणणं मावशींचा मोठेपणा होता. रांगोळी थोरली काढायची. रविवारी सारवायचं आणि सोमवारी नखात हिरवं घेऊन फायलींवर शेरे मारायचे. हेडक्लार्क म्हणायचे, “काय हो, गुरं राखून आलाव का?” मी म्हणायचो, “हाव.”

गल्लीतल्या बायकांना तर आयतीच करमणूक झाली. मी खाली बसून ढुंगण मागं सरकवत सारवत असलो की दोघीतिघी हमखास दारावरून जायच्या. “वहिनी आल्या की पाटावर बसून खातील, भाऊसाहेब! आमच्या मालकाला बी जरा शिकवा.” मीही हसायचो. ते ऐकून काही टोचायला हवं होतं, पण नाही टोचलं. मला आठवतंय, मी हात तसाच अर्धा गोल फिरवत राहिलो आणि कोपरा नीट आला का ते बघितलं.

धाकटीची एक सवय झाली होती. सकाळी उठली की तोंड धुवायच्या आधी ती आडाच्या काठावर पोट टेकवून आत वाकून बघायची. मावशी ओट्यावरून ओरडायच्या, “पोरी, पडशील ना गं! काय बघायलीस?”

“पाणी आलं का बघायले.”

“न्हाई आलं अजून. आलं की तुझी माय येतीच बघ.”

मग धाकटी खाली उतरायची आणि मला येऊन सांगायची, “न्हाई आलं.” मी बरं म्हणायचो. रोज. थोरली पोळ्या लाटत असायची, तिचं लाटणं तेवढं थांबायचं. एकदा धाकटी शेजारी खेळायला गेली तेव्हा तिनं विचारलं, “दादा, तिला सांगायचं का आता?” मी म्हणालो, पोळा होऊ दे आधी. पोरगी शेजारीपाजारी बोलून जाईल, मावशींना कळेल, खोली जाईल, हे थोरलीला समजावून सांगावं लागलं नाही. तिनं मान हलवली आणि तव्यावरची पोळी उलटली.

पोळ्याला सासू-सासरे आले. नशीब असं की मावशी सणाला त्यांच्या गावाकडं गेल्या होत्या. नाहीतर ‘लेकीला कुठं ठेवून आलाव?’ असं त्यांनी सासूबाईंना विचारलंच असतं आणि तिथंच सगळं संपलं असतं. सासऱ्यांनी खोलीत शिरल्यावर जमीन बघितली, फडताळ बघितलं, पोरींची डोकी तेल लावलेली आहेत का ते बघितलं. तालुक्याचे साहेब तपासणीला आल्यासारखे ते पाठीमागं हात बांधून हिंडत होते. सासूबाई देगलूरच्या, निम्म्या तेलुगूत बोलायच्या. त्या फडताळापाशी थांबल्या. तिथं बायकोचा कुंकवाचा करंडा होता. तो मी का ठेवला होता, मला सांगता येणार नाही. टाकायचं सुचलं नव्हतं, एवढंच.

“हे कोण सारवलं?” सासूबाईंनी विचारलं.

“दादांनी,” थोरली म्हणाली.

सासूबाई भिंतीकडं तोंड करून बसल्या. रडल्या असतील. मी चहा ठेवत होतो. जाताना सासरे म्हणाले, “ठीक हाय. दिवाळीपर्यंत बघू.” दिवाळीपर्यंत पोरी माझ्या झाल्या. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी त्यांना एसटीत बसवून आलो आणि पाण्याच्या नंबराला घागर लावली.

भादव्यात मावशींकडं महालक्ष्म्या बसल्या. त्यांच्याकडं सवाष्णी जेवायच्या, त्यात भाडेकरणीचा एक पाट ठरलेला. पाट रिकामा कसा ठेवायचा म्हणून त्यांनी दुसरी बाई बसवली, पण ओटी माझ्या बायकोच्या नावानं वेगळी काढली. खण, नारळ, तांदूळ, बांगड्या. धाकटीच्या हातात देऊन म्हणाल्या, “आईच्या पेटीत ठिव. आल्यावर मी म्हनले म्हनून चोळी शिवायला लाव.” धाकटी ती ओटी दोन्ही हातांनी सांभाळत आली, तिनं ती पेटीत ठेवली आणि वर आईचं लुगडं पसरलं. काही विचारलं नाही. ती गेल्यावर मी पेटीचं झाकण लावलं.

पण मावशींचा संशय वाढत चालला होता. त्यांना वेगळंच वाटत होतं. “पत्र येत न्हाई का हो? भांडून गेलीय का? हात उगारलाव का तुमी?” मी नाही म्हणायचो. “मंग तीन महिने झाले, बाप्यानं आणायला जायला नको? कसला वो माणूस तुमी! दगड बरा.” दगड बरा, हे त्यांचं खरं होतं.

आता एक गोष्ट सांगतो, ती तेव्हा मी कुणाला सांगितली नव्हती. ऑफिसात आमच्या टेबलावर सगळी टंचाईचीच कागदं. कुठल्या गावाला टँकर, कुठं चारा, कुठं खडी फोडायचं काम. सगळे कारकून दुपारी बाहेर येऊन आभाळाकडं बघायचे. मीही बघायचो, आणि मला पाऊस नको होता. गावंच्या गावं तहानलेली होती, उमरीत माझ्या भावाच्या रानात बी जळालं होतं, तरी नको होता. ढग आला की मी मनात म्हणायचो, पुढं जा. माणसाला असं वाटू शकतं हे मला माहीत नव्हतं. त्या वर्षात मला मनापासून काही वाटलं असेल तर तेवढंच.

पाऊस आला तो घट बसल्यावर, परतीचा. माळवद गळलं, पोरींची अंथरुणं चुलीपाशी सरकवली. मला वाटलं होतं, आडाला लगेच काही पाणी लागत नाही. लागलंही नाही. पण दसऱ्यानंतर एका सकाळी मावशींनी सोडलेली बादली खडकावर आपटण्याऐवजी बुडाली. तो आवाज मी खोलीत ऐकला. मावशींनी आडाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा घेऊन थेट आमच्या दारात आल्या.

“पाणी आलं, भाऊसाहेब. आता आणा तिला.”

मी म्हणालो, रजा नाही.

“नसू द्या. म्या जाते. उदगीरला बहीण हाय माझी, तिथून देगलूर कितीसं! या धाकटीला संगं घेते. लेकरू डोळ्यापुढं आलं की कसली बी रुसलेली माय निघतीच.” आणि उत्तराची वाट न बघता त्या गेल्या. रविवारी सकाळची गाडीही त्यांनी ठरवली.

तोवर मी काय केलं? काही नाही. ऑफिसला गेलो, आलो. रविवारी सकाळी पहिल्यांदाच मोकळ्या हातानं पाणी वापरता येणार होतं, म्हणून शेण कालवून सारवायला बसलो. निम्मी खोली झाली होती. मावशी इरकली लुगडं नेसून, छत्री आणि भाकरीचं गाठोडं घेऊन दारात उभ्या राहिल्या. धाकटी तयार होती. मावशींनी आदल्या दिवशी बजावल्यामुळं थोरलीला तिची वेणी घालावीच लागली होती. अंगात ठेवणीतला झगा, खांद्याला पिशवी. थोरली तिच्यामागं उभी राहून माझ्याकडं बघत होती.

“चल माय,” मावशी म्हणाल्या, “आईला आणू.”

धाकटी निघाली. उंबऱ्यापर्यंत गेली. आणि मी जमिनीवर बसल्या बसल्या म्हणालो, “मावशी, ती नाही.”

“न्हाई म्हंजे?”

“वारली. पौषात. नांदेडला.”

मावशी तिथंच उंबऱ्यावर बसल्या. छत्री हातातून पडली. मी त्यांच्याकडं बघतच नव्हतो, धाकटीकडं बघत होतो. तिला कधीतरी सांगावं लागेल म्हणून काही वाक्यं मी मनात जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही आठवेना. आता ती रडेल, मग मी हात धुऊन तिला जवळ घेईन, असलं काहीतरी डोक्यात चाललं होतं.

ती रडली नाही. तिनं खांद्यावरची पिशवी काढून खाली ठेवली आणि मावशींना विचारलं, “आजी, आता आमाला खोली सोडावी लागंल का?”

मग थोरली म्हणाली, “तुला ठावं होतं?”

“हाव. उमरीला काकू रडत होत्या, तवाच कळलं.”

“मंग रोज आडात काय बघायलीस?”

“पाणी आलं का ते,” धाकटी म्हणाली. “आलं की आजी आपल्याला हाकलतेत. मंग तू उमरीला अन् मी देगलूरला.”

चार महिने रोज सकाळी ती काठावर पोट टेकवून बघत होती आणि येऊन मला सांगत होती, न्हाई आलं. मला वाटत होतं, ती आईची वाट बघतेय. मी बरं म्हणत होतो.

माझ्या छातीत कुठंतरी कळ आली. खरोखरीची, दुखणारी. मी शेणाच्या हातांनीच तोंड झाकलं आणि रडायला लागलो. बायको गेल्यावर रडलो नव्हतो, ते सगळं त्या रविवारी बाहेर पडलं. मोठ्यानं रडलो. गल्लीतल्या बायका दारात जमल्या असतील, मला शुद्ध नव्हती. मावशींनी धाकटीला पुढ्यात ओढून घेतलं. “कोन हाकलतंय गं माय तुला,” त्या म्हणत होत्या, “कुनाची बिशाद हाय,” आणि त्याही रडत होत्या. त्या खोलीत पुढं धाकटी मॅट्रिक होईपर्यंत आम्ही राहिलो. सासऱ्यांनी दिवाळीला विषय काढला, तेव्हा त्यांच्याशी मावशीच बोलल्या. पण तेव्हा हे कुणाला ठाऊक होतं!

थोड्या वेळानं मावशींनी डोळे पुसले, इरकलीचा काष्टा मारला आणि आत येऊन म्हणाल्या, “उठा भाऊसाहेब. शेण वाळायलंय.” मी ओट्यावर जाऊन बसलो, तरी रडू थांबेना. मावशी उरलेली खोली सारवू लागल्या. धाकटी माझ्या मांडीला टेकून बसली होती, पण तिचं लक्ष माझ्याकडं नव्हतं. मान लांब करून ती आत बघत होती, कोपरे नीट निघतायत का म्हणून.